बुधवारी बार्बाडोस

कॅरिबियन क्रूझच्या तिसऱ्या खेपेला बॅगेत सगळ्यात आधी गेले ते सहा चुंबकी हूक. जहाजावरच्या खोलीच्या भिंती पोलादी असतात आणि ओले टॉवेल, टोप्या, औषधांची पिशवी अडकवायला खुंट्या असतात फक्त दोन, हे शहाणपण पहिल्या दोन सहलींनी दिलं. पहिल्या सहलीला, २०१४ साली, मी हौसेने छोटी इस्त्री नेली होती. आगीच्या भीतीने जहाजावर इस्त्री चालत नाही. ती स्कॅनरमध्ये पकडली गेली आणि शेवटच्या दिवशी एका टेबलावर, चोरून आणलेल्या दारूच्या बाटल्या आणि एक्स्टेन्शन कॉर्डच्या ढिगातून मला ओळख पटवून परत घ्यावी लागली. रांगेतल्या बाकी लोकांच्या हातात व्होडका, माझ्या हातात इस्त्री.

ती पहिली सहल मायामीहून होती, कॅरिबियनच्या पश्चिम भागात: कोझुमेल, ग्रँड केमन, जमैका. दुसरी २०१८ची, पूर्वेकडची. त्या वेळी सेंट मार्टिनला उतरलो तेव्हा सप्टेंबर २०१७च्या इर्मा वादळाला काही महिनेच झाले होते. अर्ध्या घरांना छप्पर म्हणून निळी ताडपत्री होती आणि विमानतळाचा कारभार तंबूतून चालला होता. तिसरी ही फेब्रुवारी २०२५ची, पोर्तो रिकोच्या सान हुआन बंदरातून दक्षिणेकडे. या वेळी मी, नवरा आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे माझे बाबा. ते पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते आणि खिडकीतून बर्फ बघून पार कंटाळले होते. मी क्रूझचं नाव काढलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"ती बोट बार्बाडोसला जाते का?"

का, ते मला माहीत होतं. आमच्या घरात १९७१चा वेस्ट इंडिज दौरा हा एखाद्या नातेवाइकाच्या लग्नासारखा अजूनही आठवला जातो. बाबा तेव्हा कॉलेजात होते. गावसकरच्या चार कसोटींतल्या ७७४ धावा ते डावागणिक म्हणून दाखवतात, पाढ्यासारख्या: ६५, नाबाद ६७, ११६, नाबाद ६४, १, नाबाद ११७, १२४, २२०. त्यातले १ आणि नाबाद ११७ हे ब्रिजटाउनचे, म्हणजे बार्बाडोसच्या राजधानीतले. म्हणून मार्ग ठरला तो बार्बाडोस धरून. बहुतेक लोक आधी जहाज बघतात, किती मजली, किती घसरगुंड्या. मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. आता आधी मार्ग बघते, मग खोली, आणि जहाज सगळ्यात शेवटी.

खोलीबद्दल थोडं सांगते, कारण इथे आम्ही ठेच खाल्ली आहे. दुसऱ्या सहलीत स्वस्त पडते म्हणून 'गॅरंटी' प्रकारातली खोली घेतली होती. म्हणजे प्रकार तुमचा, पण नेमकी खोली कंपनी ठरवणार. आमची आली ती बरोबर पोहण्याच्या तलावाखाली. पहाटे पाचला डोक्यावर आरामखुर्च्या ओढायला सुरुवात व्हायची. या वेळी नकाशा उघडून बसले. वरखाली दोन्ही मजल्यांवर खोल्याच असतील अशी, जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची खोली शोधली. झोपाळ्याच्या टोकाला झोका मोठा लागतो, तसंच जहाजाचं: नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, आणि वरच्या मजल्यांवर हेलकावे जास्त, मध्यावर खाली कमी. बाल्कनी घेतली नाही, गोल खिडकी घेतली. वाचलेल्या पैशात बाबांचं विमानाचं तिकीट निघालं.

कागदपत्रांचा एक मुद्दा भारतीय पासपोर्टवाल्यांनी नीट ध्यानात ठेवावा. सान हुआन आणि सेंट थॉमस हे दोन्ही अमेरिकेचे प्रदेश, पण पुढची बेटं स्वतंत्र देश. तिथून परत सान हुआनला आलं की तो अमेरिकेत नव्याने प्रवेश. त्यामुळे आईवडिलांचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा हवा आणि परतीच्या तारखेला त्याची मुदत शिल्लक हवी. प्रत्येक बेटाचा नियम वेगळा, तो त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर जाऊन वाचावा. आमच्या क्रूझ कंपनीच्या फोनवरच्या मुलीने मला दोन दिवसांत दोन वेगवेगळी उत्तरं दिली आणि दोन्ही तितक्याच गोड आवाजात.

जहाजावर चढल्यावरची पहिली गोष्ट म्हणजे मस्टर, आपत्कालीन कवायत. २०१४ साली लाइफबोटींखाली रांगा लावून, उन्हात, रडणाऱ्या मुलांसकट अर्धा तास उभं केलं होतं. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, जानेवारी २०१२मध्ये, इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटून ३२ माणसं गेली होती. त्या संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायतच झालेली नव्हती, कारण जुन्या नियमात चोवीस तासांची मुभा होती. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी ती घ्यावीच लागते. कोविडनंतर ती सुटसुटीत झाली आहे. फोनवर चित्रफीत बघायची, सात आखूड आणि एक लांब असा भोंगा ऐकायचा आणि आपल्या जागी जाऊन हजेरी लावायची. दहा मिनिटांत संपतं. नवऱ्याला ही सोय फार आवडली. मला मात्र उन्हातली रांग बरी वाटते. कुठे उभं राहायचं ते पायांना कळलेलं असतं.

सेंट थॉमसबद्दल फार लिहीत नाही. अमेरिकेने १९१७ साली हे बेट शेजारच्या बेटांसकट डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलरना विकत घेतलं. गाड्या अमेरिकन, स्टिअरिंग डावीकडे, आणि वाहतूकही डावीकडूनच, त्यामुळे चढणीच्या वळणावर पुढचं दिसतं ते शेजारी बसलेल्याला. मुख्य रस्त्यावर दागिन्यांचीच दुकानं. पुष्कळांचे मालक सिंधी, हिंदीत हाक मारतात. जहाजावर आदल्या दिवशी 'खरेदी मार्गदर्शन' म्हणून एक व्याख्यान असतं. त्यात सांगितलेली दुकानं जाहिरातीचे पैसे भरून त्या यादीत आलेली असतात, हे मला दुसऱ्या सहलीत अंगठी घेतल्यावर कळलं.

खरी परीक्षा मंगळवारी रात्री झाली. नकाशात पाहिलं तर कॅरिबियनची लहान बेटं धनुष्यासारखी एका ओळीत आहेत, आणि बार्बाडोस त्या ओळीच्या बाहेर, पूर्वेला, भर अटलांटिकमध्ये एकटं. तिथे जायचं म्हणजे बेटांचा आडोसा सोडून, समोरून येणाऱ्या व्यापारी वाऱ्याशी झुंजत जायचं. जहाजाला दोन्ही बाजूंनी पाण्याखाली पंखासारखे स्थिरक असतात. ते आडवं डोलणं पुष्कळ आवरतात, पण नाळ लाटेवर चढते आणि आपटते त्याला त्यांचा इलाज नाही. रात्री साडेनऊला खोलीतले हँगर एकमेकांवर वाजायला लागले. बाबा जेवणावरून उठले, भिंत धरत खोलीत आले आणि म्हणाले, "डोकं गरगरतंय."

चौऱ्याहत्तर वय, मधुमेह. मी घाबरले. जहाजाच्या दवाखान्यात नेलं. रक्तदाब, साखर, ईसीजी, सगळं झालं. डॉक्टर शांतपणे म्हणाले ते मराठीत सांगायचं तर दोन शब्दांत मावतं: बोट लागली. बिल दोनशे दहा डॉलर. ते विम्यातून पुढे परत मिळालं, आणि म्हणूनच सांगते, प्रवासविमा घेतल्याशिवाय ज्येष्ठांना जहाजावर चढवू नका. आपला अमेरिकेतला नेहमीचा विमा समुद्रात चालेलच असं नाही, आणि गंभीर दुखणं निघून हेलिकॉप्टर मागवावं लागलं तर खर्च घर विकायला लावणारा असतो. बाबांना मात्र दुखण्यापेक्षा अपमान मोठा वाटला. "भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँचने शंभर वेळा गेलो असेन. एकदाही लागली नाही."

त्यांना बरं केलं ते हिरव्या सफरचंदाने. ते आणलं आमच्या वेटरने.

या वेटरबद्दल सांगायला हवं. क्रूझवर जेवणाचे दोन प्रकार असतात: केव्हाही या आणि मिळेल त्या टेबलावर बसा, किंवा रोज ठरलेली वेळ, ठरलेलं टेबल, ठरलेला वेटर. पहिल्या दोन्ही वेळा आम्ही मोकळीक हवी म्हणून पहिला प्रकार घेतला आणि रोज नव्या माणसाला 'मांस नको, अंडं चालेल' हे पुराण सांगत बसलो. या वेळी ठरलेलं टेबल घेतलं. पहिल्याच रात्री बाबा सूप चाखून मला हळूच म्हणाले, "मीठच नाही गं याला." मागून आवाज आला, "आणतो काका. लोणचं पण आणू का? आमच्या मेसमध्ये आहे."

मुलगा वेंगुर्ल्याचा. वय तिशीच्या आत-बाहेर. कोकणातली आणि गोव्यातली कितीतरी मुलं या जहाजांवर आहेत, हे माहीत होतं, पण आपल्या टेबलाशी मालवणी हेल ऐकला की बाबांसारख्या माणसाला घरच सापडतं. दुसऱ्या दिवसापासून आमची व्यवस्था लागली. आदल्या रात्री हेड वेटरला सांगायचं, की दुसऱ्या रात्री डाळ, भात, एखादी भाजी हजर. हे छापील मेन्यूत नसतं, मागावं लागतं. या सहलीत रोज माणशी अठरा डॉलर 'ग्रॅच्युइटी', म्हणजे नोकरवर्गाची बक्षिसी, आपोआप खात्यावर चढली. तिघांचे सात दिवसांचे पावणेचारशेच्या वर झाले. पहिल्या सहलीत असाच आकडा बघून मी काउंटरवर वाद घातला होता. आता घालत नाही. ते पैसे आमच्या मजल्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत दिसणाऱ्या माणसांचेच असतात.

तर मंगळवारी रात्री तो सफरचंद आणि कोरडी बिस्किटं घेऊन खोलीच्या दाराशी आला. बाबा पडल्या पडल्या म्हणाले, "उद्या बार्बाडोस चुकतंय बहुतेक माझं." ही भीती खोटी नव्हती. ग्रँड केमनला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या नावांतून उतरावं लागतं. २०१४ साली वारा होता म्हणून कप्तानाने ते बंदर वगळलं आणि आम्हाला परत मिळाला तो फक्त बंदरकर, माणशी बारा-पंधरा डॉलर. तिकिटाच्या करारात कप्तानाला ती मुभा असतेच. पण मुलगा म्हणाला, "बार्बाडोस सहसा चुकत नाही काका. माझा हा बाविसावा बुधवार."

"बाविसावा! मग कसं आहे रे ते मैदान?"

"मैदान नाही बघितलं. आम्ही टर्मिनलपर्यंत जातो. तिथे वाय-फाय असतं. दुपारच्या पाळीत दीड तास सुट्टी मिळते, त्यात घरी फोन."

सकाळी पाणी सपाट होतं. बाबा सहा वाजता तयार होऊन बसले होते, बुटांसकट.

जहाजाची बार्बाडोसची सहल होती, कासवं बघायची, माणशी नव्वद डॉलर. आम्ही घेतली नाही. केन्सिंग्टन ओव्हल, म्हणजे ब्रिजटाउनचं क्रिकेटचं मैदान, बंदराच्या फाटकापासून पायी पंधरा मिनिटांवर आहे. बाबांच्या चालीने पंचवीस. रस्त्यात सावली कमी, पदपथ तुटक, एका बाजूला गोदामं. बाहेर सर गारफिल्ड सोबर्सचा पुतळा आहे, फटका मारतानाचा. बाबा त्याच्यासमोर उभे राहिले, फोटोला नाही म्हणाले, मग काढायला लावला.

मैदानात त्या दिवशी सामना नव्हता. फाटकावरच्या रखवालदाराला बाबांनी आपल्या इंग्रजीत सांगितलं की मी १९७१साठी आलोय. रखवालदार हसला आणि म्हणाला, भारतीय माणसं येतात ती सगळी २०२४साठी येतात. त्याने पाच मिनिटं म्हणून आत सोडलं आणि आम्ही वीस मिनिटं थांबलो. २९ जून २०२४, टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना, दक्षिण आफ्रिकेवर सात धावांनी विजय. सूर्यकुमारने सीमारेषेवर तो झेल कुठे घेतला, ते रखवालदाराने हात लांब करून दाखवलं. रोहितने खेळपट्टीवरची माती तोंडात घातली तो प्रसंगही साभिनय.

बाबा ऐकत होते पण बघत दुसरीकडे होते. २००७च्या विश्वचषकासाठी जुनं स्टेडियम जवळजवळ सगळं पाडून नवं बांधलं आहे. १९७१मधलं तिथे उरलंय ते मधलं गवत, तेही नावालाच. "सरदेसाईने दीडशे काढल्या होत्या इथे," ते म्हणाले. "सगळे गावसकरचंच बोलतात." मग त्यांना एका स्टँडवर नाव दिसलं: हॉल आणि ग्रिफिथ. त्यावर ते बराच वेळ गप्प होते. मार्च १९६२मध्ये याच मैदानावर चार्ली ग्रिफिथचा चेंडू नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यावर बसला. भारताचा कप्तान, कवटी फुटलेली. रक्त द्यायला सगळ्यांत आधी पुढे आला तो वेस्ट इंडिजचा कप्तान फ्रँक वॉरेल. बोर्डे, नाडकर्णी, उम्रीगर यांनीही दिलं. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. डोक्यातली धातूची पट्टी काढली ती २०२२ साली. बाबा १९६२ साली अकरा वर्षांचे. आजोबांनी मोठ्याने वाचलेला पेपर त्यांना आठवत होता, आणि 'कवटी' हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला हेही. वॉरेलचं नाव पलीकडच्या स्टँडवर आहे, वीक्स आणि वॉलकॉटच्या जोडीने. बाबांनी दोन्ही स्टँडचे फोटो काढले. एकाच चौकटीत दोन्ही बसवायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही.

परत येताना ते थकले. टॅक्सी केली, पाच मिनिटांसाठी दहा डॉलर. घासाघीस केली नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रेनेडा. या देशाच्या झेंड्यावर जायफळ आहे. सेंट जॉर्जेसच्या बाजारात बायका मसाल्यांच्या माळा विकतात, आणि एकीने बाबांच्या हातावर ताजं फळ फोडून ठेवलं. पिवळट, जर्दाळूएवढं. आत काळपट चकचकीत बी, आणि त्यावर लाखेसारखी लालभडक जाळी. "ही जायपत्री?" आपण बघतो ती डब्यातली, वाळून तपकिरी पडलेली. ती अशी लाल असते हे मला पन्नाशीच्या जवळ कळलं. २००४च्या आयव्हन वादळाने इथली बहुतेक जायफळाची झाडं आडवी केली, आणि नवं झाड फळायला वर्षं लागतात. २०२४च्या विश्वचषकानंतर आपल्या संघाला बार्बाडोसमध्ये अडकवून ठेवणारं बेरिल वादळही पुढे याच देशाच्या कॅरिआकू बेटावर आदळलं. आपल्याकडे बातमी होती ती संघ कधी परत येणार याची. मीही तीच वाचली होती. बाईला अमेरिकन नोट दिली, सुटे मिळाले ते पूर्व कॅरिबियन डॉलरमध्ये, एकाला दोन पूर्णांक सत्तर या बांधलेल्या भावाने. ताजं फळ जहाजावर नेऊ देत नाहीत, म्हणून बाबांनी ते बराच वेळ नुसतं हुंगलं आणि फाटकापाशी कचऱ्याच्या डब्यात टाकलं. कोपऱ्यावर 'रोटी' अशी पाटी होती. १८५७ साली इथे मजूर म्हणून आणलेल्या भारतीयांची खूण. आत बटाट्याची भाजी. बाबांच्या मते मीठ बरोबर.

सेंट लुशियाला शुक्रवारी नवरा एकटा डोंगर बघायला गेला, तीन तास वळणांच्या रस्त्यावर, आणि पिवळा पडून परत आला. मी आणि बाबा कॅस्ट्रीजच्या चौकात एका झाडाखाली बसलो. चौकाला कवी डेरेक वॉलकॉटचं नाव आहे. एवढ्याशा बेटाची दोन नोबेल, अर्थशास्त्राचं आर्थर लुईस यांना १९७९मध्ये आणि साहित्याचं वॉलकॉटना १९९२मध्ये, आणि दोघांचाही जन्मदिवस २३ जानेवारी. बाबांना हा योगायोग फारच आवडला. घरी फोन करून त्यांनी तीन जणांना तो सांगितला. बार्बाडोसचं कुणालाच काही सांगितलं नाही.

शेवटच्या रात्री अकराच्या आत बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात. त्या आधी उद्याचे कपडे बाजूला काढायचे, हे विसरून एक बाई २०१८ साली नाइट गाऊनवर इमिग्रेशनच्या रांगेत उभी होती. आम्ही बॅगा स्वतःच उतरवल्या. चाकं असलेल्या तीन बॅगा, सकाळी पावणेआठला बाहेर, रंगीत टॅगांची वाट बघायची नाही.

त्या आधी वरच्या मजल्यावर न्याहारी केली. आमचा वेंगुर्ल्याचा वेटर तिथे कॉफी ओतत होता. रात्री बारापर्यंत पाळी, सहाला परत हजर. दुपारी नवे प्रवासी चढणार, चारला भोंगा. बाबांनी फोन काढून त्याला मैदानाचे फोटो दाखवले, एकेक करून, मागे रांग लागली तरी.

"मस्त आहे काका. परत या पुढच्या वर्षी."

"मी कशाला? तू जाऊन ये," बाबा म्हणाले. "फाटकातून डावीकडे. मला पंचवीस मिनिटं लागली, तुला पंधरा लागतील. जाऊन येऊन अर्धा तास. फोनला तासभर उरतो."

त्याने कॉफीचं भांडं दुसऱ्या हातात घेतलं. "बघू," म्हणाला. "बुधवारी."